तीन फुटांचा कठडा : कामावर पडून होणारे अपघात व त्यांचा प्रतिबंध

कामावर असताना उंचीवरून अथवा विहिरीत पडून एखादा मजूर दगावला, म्हणजे पंचनाम्यात बहुधा एक छोटे वाक्य येते : ‘पाय घसरून पडल्याने मृत्यू.’ हे वाक्य खोटे नसते. परंतु ते अपुरे असते. पाय घसरणे ही कोणाच्याही बाबतीत, कोणत्याही दिवशी घडणारी गोष्ट आहे. अंगणात पाय घसरला तर माणूस कपडे झटकून उठतो. तोच पाय चाळीस फूट खोल विहिरीच्या काठावर घसरला, तर एका कुटुंबाचा कर्ता माणूस जातो. दोन्ही ठिकाणी पायाची चूक सारखीच; काठावर आधार होता की नव्हता, एवढाच काय तो फरक. म्हणून ‘पाय का घसरला?’ या प्रश्नापेक्षा ‘काठावर कठडा का नव्हता?’ हा प्रश्न विचारणे अधिक अगत्याचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्युमुखी पडतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. जे वाचतात त्यांपैकी अनेकांच्या वाट्याला पाठीच्या कण्याची दुखापत व कायमचे परावलंबित्व येते. हा प्रश्न मोठ्या शहरांतील उंच इमारतींपुरता मर्यादित आहे, असा एक समज आढळतो. जालन्यासारख्या जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे तो समज टिकत नाही.

जालना जिल्ह्यातील उंची व खोली

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात जालना, भोकरदन, जाफ्राबाद, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे आठ तालुके आहेत. दक्षिणेकडून गोदावरी वाहते. दुधना, पूर्णा व कुंडलिका या नद्या जिल्ह्यातून जातात. तथापि शेतीचा मुख्य भरवसा पावसावर आणि विहिरीवर आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, अशी येथील जमिनीची रचना. पाणी पाषाणातील भेगांत सापडत असल्याने विहीर खोल न्यावी लागते. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांनी विहिरींना चालना दिली. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, तेव्हा बाग वाचविण्यासाठी जुन्या विहिरी आणखी खोल करण्याचा मार्ग अनेकांनी धरला. प्रत्येक दुष्काळ विहिरीची खोली वाढवितो आणि त्याबरोबर विहिरीत उतरणाऱ्या माणसाचा धोकाही वाढतो.

विहिरीखेरीज जिल्ह्यात उंचीवरील कामेही पुष्कळ आहेत. जालना शहराच्या औद्योगिक क्षेत्रात लोखंडी सळई तयार करणाऱ्या गिरण्या व भट्ट्या आहेत. बियाण्यांच्या व्यवसायासाठी तर हे शहर देशभर ओळखले जाते. तेथील गोदामांत पोत्यांच्या उंच थप्प्या लावल्या जातात. गावोगावी घरे, शाळाखोल्या व पाण्याच्या टाक्या बांधल्या जातात. या सर्व ठिकाणी पडण्याचा धोका एकाच जातीचा आहे.

बंदरावरील एक जुना नियम

जालना समुद्रापासून दूर आहे. परंतु पडण्यापासून संरक्षणाचा एक मूलभूत नियम समुद्रकाठच्या कामगारांच्या अनुभवातून आला आहे आणि तो आपल्या विहिरीला तंतोतंत लागू पडतो.

मालवाहू जहाजाच्या पोटात माल ठेवण्यासाठी खोल कोठा असतो व त्याचे तोंड वरच्या डेकवर उघडते. माल चढविताना-उतरविताना हे तोंड उघडे राहते. रात्रीची वेळ, ओला डेक, खांद्यावर ओझे. अशा स्थितीत चालणारा कामगार त्या तोंडातून थेट तळाशी पडण्याचा धोका असे. जहाजबांधणीच्या गोदीत तर हा धोका दुहेरी. बाहेरून जहाजाच्या अंगाला बांधलेल्या परांचीवरून पडण्याचा आणि आतून अर्धवट बांधलेल्या डेकच्या उघड्या भागातून पडण्याचा.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने गोदी कामगारांच्या अपघात-प्रतिबंधासाठी १९२९ साली एक करार केला व १९३२ साली तो सुधारला. या सुधारित करारात असे सांगितले आहे की, जहाजाचा कोठा पाच फुटांहून अधिक खोल असेल आणि त्याच्या तोंडाला पुरेशा उंचीची कड नसेल, तर काम चालू नसताना त्या तोंडाभोवती तीन फूट उंचीचा कठडा लावावा अथवा ते भक्कमपणे झाकावे. भारतात त्यासाठी १९३४ चा गोदी मजूर अधिनियम व पुढे १९८६ चा गोदी कामगार (सुरक्षा, आरोग्य व कल्याण) अधिनियम झाला.

पाच फूट खोलीसाठी तीन फुटांचा कठडा, हा नियम जगाने १९३२ साली मान्य केला. आज आपल्या शिवारात चाळीस-पन्नास फूट खोल असूनही जमिनीच्या पातळीलाच संपणाऱ्या विहिरी दिसतात. गवत वाढले म्हणजे त्या दिसतही नाहीत. १८ जुलै २०२४ रोजी बदनापूर तालुक्यातील तुपेवाडीजवळ पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांचे वाहन रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतकामासाठी निघालेल्या मजूर स्त्रियांचा ट्रॅक्टर विहिरीत पडून सात जणी गेल्या. भरधाव वाहनाला साधा कठडा प्रत्येक वेळी अडवू शकेल असे नाही. परंतु विहीर येथे आहे, हे तो दुरून सांगतो, आणि पायी चालणाऱ्या माणसाला तर तो निश्चित अडवितो.

कठड्याचा खर्च हे नेहमीचे कारण सांगितले जाते. वीस फूट व्यासाच्या विहिरीचा परीघ सुमारे त्रेसष्ट फूट येतो. तीन फूट उंचीचा कठडा म्हणजे सुमारे एकशे नव्वद चौरस फुटांचे बांधकाम. त्यासाठी लागणारा दगड विहिरीतूनच निघालेला असून तो काठावर पडलेला असतो.

एका सेकंदाचा हिशेब

पडणारा माणूस स्वतःला सावरू का शकत नाही, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गणिताने पटवून द्यावे असे आहे. दोन मीटर उंचीवरून, म्हणजे साध्या शिडीवरून, पडणारा माणूस सुमारे पाऊण सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी बावीस किलोमीटरच्या आसपास असतो. पाच मीटरवरून पडण्यास एक सेकंद लागतो व वेग ताशी छत्तीस किलोमीटरच्या जवळ जातो. बारा मीटर, म्हणजे सुमारे चाळीस फूट खोल विहिरीत पडल्यास दीड सेकंदात वेग ताशी पंचावन्न किलोमीटर होतो.

माणसाला धोका जाणवून हात हलविण्यासच पाव सेकंदाहून अधिक वेळ जातो. त्यानंतर धरण्यासारखे काही जवळ असले तरच उपयोग. ‘सावध राहा’ हा उपदेश चुकीचा नाही. परंतु पडणे सुरू झाल्यावर सावधगिरीला वेळच उरत नाही. संरक्षण आधीपासून तेथे उभे असले पाहिजे.

या विचारातून उपायांचा एक क्रम ठरतो. पहिला उपाय, उंचीवरचे काम शक्य तेवढे जमिनीवर करावे. दुसरा, काठाला कठडा व उघड्या तोंडाला झाकण असावे. तिसरा, पडलेल्याला झेलणारे जाळे किंवा धरून ठेवणारा पट्टा असावा. शिकवण व सूचना यांची गरज प्रत्येक पायरीवर असते, पण त्या या तिहींची जागा घेऊ शकत नाहीत. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पुलाच्या बांधकामात खाली मोठे जाळे बांधले होते व त्यामुळे एकोणीस कामगारांचे प्राण वाचले. परंतु १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड परांची तुटून जाळ्यासकट खाली गेली आणि दहा कामगार मृत्युमुखी पडले. खालचे जाळे कितीही चांगले असले तरी वरची परांची कच्ची ठेवून चालत नाही, हा त्याचा धडा होय.

विहीर खोदताना घ्यावयाची काळजी

रब्बीचे पीक निघाल्यापासून पहिला पाऊस येईपर्यंत विहिरींचे काम जोरात चालते. चार-सहा मजुरांची टोळी, यारी, तारेचा दोर, दगड-मुरूम वर आणणारी बादली आणि सुरुंग, अशी ही सामग्री असते. या कामात पडण्याचे प्रकार ठरावीक आहेत व प्रत्येकावर उपाय आहे.

काठाचा वरचा भाग मातीचा व मुरमाचा असल्याने तो ढासळतो आणि काठावरचा माणूस त्याबरोबर आत जातो. म्हणून खोदलेला माल काठापासून किमान दीड मीटर दूर टाकावा. मातीच्या थराला वेळीच कडे बांधून आधार द्यावा. पावसाची एक सर येऊन गेली तरी काठ पुन्हा तपासावा.

सर्वांत धोक्याची सवय म्हणजे बादलीत बसून अथवा तिच्या कडीवर उभे राहून खाली-वर जाणे. बादली दगडांसाठी आहे. दोर तुटला, ब्रेक सुटला वा बादली कपारीला अडकून कलली, की आतील माणसाला कसलाच आधार राहत नाही. माणसांसाठी वेगळी, पक्की बांधलेली शिडी असावी. शिडीवरून जाताना दोन पाय व एक हात, अथवा दोन हात व एक पाय, असे तीन आधार कायम राहिले पाहिजेत. खलाशांमध्ये एक हात कामासाठी व एक हात स्वतःसाठी राखण्याची शिकवण आहे. हातात अवजार घेऊन शिडी उतरू नये; अवजार वेगळे खाली सोडावे.

यारीचा पाया घट्ट व काठापासून मागे असावा आणि मागील बाजूचे वजन तिच्या भाराला पुरेसे असावे. तारेचा दोर रोज सकाळी पाहावा. तारा तुटलेल्या, गंजलेल्या किंवा पीळ सुटलेल्या दिसताच तो बदलावा. गाठ मारून काम भागवू नये. आकड्याला जीभ असावी, म्हणजे बादली निसटणार नाही. बादली वर जात असताना खालच्या मजुरांनी तिच्याखाली उभे राहू नये. इशारा देणारा माणूस एकच असावा.

विहिरीतील हवेचाही विचार आवश्यक आहे, कारण गुदमरलेला माणूस शिडीवरूनच खाली पडतो आणि त्याला वाचविण्यास उतरलेला दुसराही त्याच्या पाठोपाठ जातो. जहाजाच्या बंद टाक्यांतही हीच घटना घडत आली आहे. दीर्घकाळ बंद राहिलेल्या खोल विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी पद्धत केवळ प्राणवायूची उणीव दाखविते. डिझेल इंजिनाच्या धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूने कंदील विझत नाही. म्हणून विहिरीच्या आत इंजिन चालवू नये, सुरुंगाचा धूर पूर्ण निघून गेल्याविना कोणी उतरू नये व पंख्याने हवा खेळती ठेवावी.

गिरणी, गोदाम आणि छप्पर

कारखान्यातील अपघातांचे एक मोठे कारण म्हणजे छपरावरील सिमेंटचा पत्रा. वरून तो भक्कम दिसतो. जुना झाल्यावर मात्र माणसाच्या भाराने एकाएकी फुटतो. गळती काढण्यासाठी किंवा धूळ झाडण्यासाठी चढलेला मजूर असा थेट खालच्या फरशीवर येतो. अशा छपरावर कधीही सरळ पाय देऊ नये. आधाराच्या तुळयांवर रुंद फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे आणि खाली जाळे बांधावे.

कमरेच्या पट्ट्याऐवजी खांदे व मांड्या यांना आधार देणारा पूर्ण अंगाचा पट्टा वापरावा. कमरेचा पट्टा झटक्याने पोटास व कण्यास इजा करू शकतो. पट्ट्याची दोरी डोक्याच्या वर, पक्क्या लोखंडी भागाला बांधावी. बांधण्याची जागाच कच्ची असेल, तर पट्टा असून नसल्यासारखा होतो. पट्ट्यावर लोंबकळत राहिलेल्या माणसाला तातडीने उतरविणे आवश्यक असते. ती तजवीज काम सुरू होण्यापूर्वीच असावी.

गोदामात थप्पीवर चढण्यासाठी पोत्यांचाच जिना करण्याची प्रथा आहे. त्याऐवजी शिडी द्यावी. शिडीचा पाया भिंतीपासून तिच्या उंचीच्या सुमारे एक-चतुर्थांश अंतरावर ठेवावा आणि तिचे वरचे टोक चढण्याच्या जागेपेक्षा सुमारे एक मीटर वर यावे. बांधकामाच्या परांचीला कामाच्या पातळीवर पूर्ण रुंदीच्या फळ्या, सुमारे एक मीटर उंचीचा कठडा व खाली पायपट्टी असावी. परांची व शिडी यांसाठी भारतीय मानक ३६९६ आणि खोदकामासाठी भारतीय मानक ३७६४ उपलब्ध असून कामाच्या अंदाजपत्रकाबरोबर ते पाहिले जावेत.

कायदा कोठे पोहोचतो

कारखाने अधिनियम, १९४८ याच्या कलम ३२ मध्ये उंचीवरील कामाच्या जागी कठडा वा अन्य संरक्षण, कलम ३३ मध्ये खड्डे व जमिनीतील उघडी तोंडे झाकणे आणि कलम ३६ मध्ये बंद जागेतील विषारी वायूंपासून संरक्षण यांची तरतूद होती. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा स्वतंत्र अधिनियम होता. हे कायदे व गोदी कामगारांचा १९८६ चा अधिनियम आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावले असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. कारखान्यांवर देखरेख ठेवण्याचे काम राज्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते.

तथापि ही संहिता सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. शेतातील विहिरीवर काम करणारी पाच माणसांची टोळी बहुधा तिच्या कक्षेबाहेर राहते. गिरणीत निरीक्षक जाऊ शकतो. विहिरीच्या काठावर जाणारा निरीक्षक नसतो. ही पोकळी भरून काढण्याजोगी संस्था एकच, ती म्हणजे ग्रामपंचायत.

नुकसानभरपाईच्या बाबतीतही असेच अंतर आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या वा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याच्या अपघाती मृत्यूबद्दल दोन लाख रुपयांचे साहाय्य मिळते. विहीर ज्याची आहे तो या योजनेत येतो. ती खोदणारा भूमिहीन मजूर येत नाही. त्याच्यासाठी दोन मार्ग आहेत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत खोल व सुरुंग लावून केलेल्या खोदकामाचा समावेश होता. ही भरपाईची व्यवस्था आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली आहे. दुसरा मार्ग महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडील नोंदणीचा. त्यासाठी मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामाचे काम केल्याचे प्रमाणपत्र लागते व ते ग्रामपंचायतीकडूनही मिळू शकते. गावातील गवंडी व मजूर यांची नोंदणी अपघातापूर्वीच करून देणे हे सदस्यांनी आपले काम समजावे.

पडलेल्यास उचलताना

पडलेल्या माणसाला हातापायांस धरून उचलणे ही आपल्याकडील स्वाभाविक प्रतिक्रिया आहे आणि तीच कित्येकदा कायमच्या अपंगत्वाचे कारण ठरते. कणा मोडला असेल तर हलविताना आतील मज्जारज्जू दुखावतो. प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जागेवर अन्य धोका नसेल तर जखमीस हलवू नये. डोके व मान सरळ रेषेत धरून ठेवावी. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावे. पाणी वा अन्न देऊ नये. उचलणे अपरिहार्य झाल्यास चार जणांनी एकाच वेळी, शरीर न वाकविता, त्याला फळीवर वा दरवाजाच्या सपाट फळ्यावर घ्यावे व फळीला बांधावे. विहिरीत वाचविण्यास उतरणाऱ्याने आधी स्वतःस दोराने बांधून घ्यावे व हवेची खात्री करून घ्यावी.

ग्रामपंचायत स्वतःही मालकच

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. गावाच्या उंच जलकुंभावर टाकी धुण्यासाठी वा ब्लिचिंग पावडर टाकण्यासाठी जो कर्मचारी चढतो, तो ग्रामपंचायतीचा माणूस असतो. त्या लोखंडी शिडीला संरक्षक कडी आहेत काय, वरच्या कठड्याचे गज गंजले आहेत काय आणि त्या कर्मचाऱ्याजवळ पट्टा आहे काय, हे किती सदस्यांनी स्वतः पाहिले आहे? तसेच पावसाळ्यापूर्वी शाळेच्या छपरावरील पाला काढण्यासाठी कोणत्याही कारणाने विद्यार्थ्यास वर चढविले जाऊ नये.

४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली व तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. कारखान्यांत त्या दिवशी प्रतिज्ञा घेतली जाते. आपल्याकडे याच सुमारास विहिरींच्या कामाला सुरुवात होते. त्या दिवशी ग्रामपंचायतीने शाळेच्या साहाय्याने शिवारातील विहिरींची यादी करावी. कठडा आहे, नाही, पडलेला आहे, असे तीन रकाने असावेत. रस्त्याकडेच्या, पायवाटेवरच्या व खोदकाम चालू असलेल्या विहिरी प्रथम घ्याव्यात. नवीन विहिरीचे काम कठडा बांधून झाल्याविना पूर्ण झाले असे कोणत्याही नोंदवहीत लिहू नये. अशी नोंद पाळली गेली, तर ‘पाय घसरून पडल्याने मृत्यू’ हे वाक्य पंचनाम्यात लिहिण्याची वेळ पुष्कळच कमी येईल.